बागेतील कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण व ओळख

परसबागेत किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांवर वावरणारे कीटक अगदी जवळून टिपणे आणि त्या छायाचित्रांवरून ते कोण आहेत हे ठरवणे. काटेकोर अर्थाने मॅक्रो म्हणजे १:१ प्रमाण : १० मिमी लांबीचा भुंगेरा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही १० मिमीच उमटतो. यासाठी खास मॅक्रो लेन्स मिळते. साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांतले अंतर वाढवणारी पोकळ नळी) लावून किंवा तीच लेन्स उलटी बसवूनही काम स्वस्तात भागते.

खरी अडचण डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे पुढून मागे किती जाडीचा भाग स्पष्ट येतो याची. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात लेन्सचे छिद्र एफ/११ इतके बारीक ठेवले, तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा लख्ख आला की पंख धूसर. छिद्र आणखी बारीक करावे, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून छिद्र बेताचे बारीक ठेवून कमी पडणाऱ्या उजेडासाठी डिफ्यूझर (प्रकाश सौम्य करणारा पडदा) लावलेला फ्लॅश वापरतात, किंवा थोडथोडा फोकस सरकवत घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करतात. त्यासाठी कीटक स्थिर हवा; पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हा हे जमते. फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढण्याची पळवाट मात्र निंद्यच.

सुंदर चित्र ओळखीला उपयोगी पडेलच असे नाही. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन साधी चित्रे एका देखण्या चित्रापेक्षा जास्त सांगतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिर्फिड माशी मधमाशी किंवा गांधीलमाशी म्हणून सहज खपते, पण तिला पंखांची एकच जोडी असते आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आखूड असतात. आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचे सोंग घेणारा एक कोळी आहे. तो पुढचे दोन पाय शृंगिकांसारखे उचलून धरतो. पाय मोजले की आठ भरतात, आणि समोरून पाहिले तर दोन टपोरे डोळे त्याचे बिंग फोडतात.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत (रस शोषणाऱ्या, पांढऱ्या मेणचट किडींत) कधी एखादा ‘ढेकूण’ इतरांपेक्षा मोठा, लांब मेणचट तंतूंचा आणि चपळ दिसतो. ती बहुधा क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळी असते, म्हणजे त्याच ढेकणांवर जगणारी. ओळख चुकली की फवारणीत आधी मित्रच मरतो.

अन्नवनस्पतीची नोंदही हवी. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली, तर ती बहुधा पॅपिलिओ प्रजातीतल्या (जीनस) फुलपाखराची. पण लाइम की कॉमन मॉर्मन हे तेवढ्यावर ठरत नाही, कारण दोघांच्याही लहान अळ्या तशाच दिसतात आणि तेच झाड खातात.

२००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर अशी चित्रे टाकता येतात. तिथला संगणकी अंदाज दिशेपुरता घ्यावा. अनेक लहान माश्या आणि भुंगेऱ्यांची जात जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरतच नाही. तिथे प्रजातीवर किंवा कुलावर थांबणे हीच बरोबर ओळख.