कामाच्या जागेतील नॅनोकण प्रदूषण : शोध आणि सफाई

साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. कार्बन नॅनोनलिका, टायटॅनियम डायऑक्साइड, चांदी अशा पदार्थांची भुकटी तोलताना, ओतताना किंवा यंत्र उघडून साफ करताना हे कण हवेत उडतात आणि टेबलांवर, कपड्यांवर बसतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही; श्वासाबरोबर मात्र ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात.

धुळीचे वजन करण्याची जुनी पद्धत इथे फसवी ठरते. १ मायक्रोमीटर (म्हणजे १००० नॅनोमीटर) व्यासाच्या एका कणाइतके वजन भरायला त्याच पदार्थाचे १० नॅनोमीटरचे १० लाख कण लागतात. म्हणून कण मोजावे लागतात. संघनन कणगणकात अल्कोहोलची वाफ कणांवर साकळते, त्यांचे थेंब होतात आणि लेझरच्या झोतातून जाताना ते मोजले जातात. पण कण कशाचा, हे गणकाला कळत नाही. डिझेलचा धूर, वेल्डिंग, एखादी चालू मोटर, सगळे एकाच आकड्यात येते. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीची मोजणी हाताशी नसेल, तर कामाच्या वेळच्या आकड्यावर विसंबू नये. ओळख पटवण्यासाठी हवा गाळणीतून ओढून तो नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पृष्ठभागाचे नमुने पुसून घेतात.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने २०११ मध्ये हवेतील टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन मर्यादा सुचवल्या : बारीक कणांसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो आकाराच्या कणांसाठी ०.३. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा, आणि मर्यादा आठपट कडक. कार्बन नॅनोनलिकांसाठी २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा घनमीटरला अवघा १ मायक्रोग्रॅम आहे.

सांडलेली भुकटी झाडूने लोटू नये, दाबाच्या हवेने तर मुळीच उडवू नये. बसलेले कण पुन्हा नाकातोंडात जातात. ओल्या फडक्याने पुसणे किंवा हेपा गाळणीचे व्हॅक्यूम यंत्र वापरणे योग्य. हेपा गाळणी ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवते, म्हणजे त्याहून लहान कण निसटत असतील, असा समज होतो. तो चुकीचा आहे. अतिलहान कण हवेच्या रेणूंच्या धडकांनी इतस्ततः भरकटतात आणि गाळणीच्या तंतूंना जाऊन चिकटतात. अडवायला सर्वांत कठीण असतात ते ०.३ च्या आसपासचेच. ॲल्युमिनियमसारखी धातूची भुकटी मात्र पेट घेते. तिथे साधे व्हॅक्यूम यंत्र चालत नाही, स्फोटरोधक लागते.

वापरलेली फडकी, हातमोजे आणि गाळण्या बंद पिशव्यांत, वर पदार्थाचे नाव लिहून, घातक कचरा म्हणून वेगळ्या ठेवतात. व्हॅक्यूम यंत्राची पिशवी बदलण्याचे काम विशेष जोखमीचे : गोळा केलेले सगळे कण त्या क्षणी उघडे पडू शकतात, म्हणून ते श्वसनरक्षक मुखवटा लावून, शक्यतो धूरशोषक कपाटातच करतात.