ट्रान्स व्यक्तींचे हार्मोन उपचार आणि रक्तातली साखर: पार्श्वभूमी

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रयोगशाळेत तयार झाले १९३५ मध्ये, इथिनिल एस्ट्राडिऑल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन १९३८ मध्ये. १९५२ मध्ये कोपनहेगनला उपचार घेऊन स्त्री म्हणून जगू लागलेल्या एका माजी अमेरिकन सैनिकाची बातमी जगभर गाजली. साखरेचा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे मागेच राहिला. उपचार मिळणे हेच इतके अवघड होते, की दहा-वीस वर्षांनी शरीराचे काय होते याची नोंद ठेवणार कोण? अपवाद नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टरडॅमचा. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात १९७२ पासूनच्या रुग्णांच्या नोंदी जपल्या गेल्या, आणि आजची बरीचशी चर्चा त्यांच्यावरच उभी आहे.

१९९४ मध्ये तिथूनच एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास आला. १८ ट्रान्स स्त्रिया (जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेल्या, इस्ट्रोजेन घेणाऱ्या) आणि १३ ट्रान्स पुरुष (त्याच्या उलट, टेस्टोस्टेरॉन घेणारे), सगळे निरोगी. शिरेतून ठरावीक इन्सुलिन सोडायचे आणि साखर एका पातळीवर टिकवायला किती ग्लुकोज द्यावे लागते ते मोजायचे, अशी ती चाचणी. चार महिन्यांच्या हार्मोननंतर दोन्ही गटांत इन्सुलिनचा प्रभाव कमी झालेला दिसला. ‘हार्मोन घेतले की शुगर होते’ या समजाला इथून मोठे बळ मिळाले.

खरा गुंता ‘इस्ट्रोजेन’, म्हणजे स्त्री-हार्मोन, या शब्दात आहे. त्या अभ्यासातल्या स्त्रियांना दिले होते ते इथिनिल एस्ट्राडिऑल. अंडाशयात तयार होणारे एस्ट्राडिऑल वेगळे. इथिनिल गट जोडलेला रेणू यकृतात सहज मोडत नाही, म्हणून तो तोंडाने घेता येतो आणि म्हणूनच यकृतावर त्याचा प्रभाव कितीतरी जास्त पडतो. गर्भनिरोधक गोळ्यांतला हाच घटक. त्या गोळ्यांनी काही बायकांची ग्लुकोज चाचणी बिघडते, हे १९६० च्या दशकातच दिसले होते. शिवाय आजच्या गोळीत तो साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतो, तर त्या काळच्या डच पद्धतीत रोजचे १०० मायक्रोग्रॅम. रक्ताच्या गुठळ्यांमुळे पुढे तो उपचारातून बाजूला काढला गेला. त्या जागी साधे एस्ट्राडिऑल आले, गोळी, पट्टी, जेल किंवा सुईच्या रूपात. औषध बदलले, पण लेखांत आणि केसपेपरवर शब्द तोच राहिला, ‘इस्ट्रोजेन’. एका औषधाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत गेले. मला ही या इतिहासातली सगळ्यात महागात पडलेली चूक वाटते, कारण तिचा धाक घालून कित्येकींना उपचार नाकारले गेले.

साधे एस्ट्राडिऑल म्हणजे परिणाम शून्य, असेही नाही. २०२० च्या बेल्जियन अभ्यासात ट्रान्स स्त्रियांचा इन्सुलिनरोध (शरीराने इन्सुलिनला कमी दाद देणे) वाढलेलाच दिसला. ट्रान्स पुरुषांचा मात्र टेस्टोस्टेरॉनवर कमी झाला, म्हणजे १९९४ च्या नेमके उलट. पण रोध वाढणे आणि मधुमेह होणे यांत अंतर आहे. २०२२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्याच २,५८५ ट्रान्स स्त्रिया आणि १,५१४ ट्रान्स पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा टाइप २ मधुमेहाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येहून वाढलेले आढळले नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकन अभ्यासात ट्रान्स स्त्रियांत ते इतर स्त्रियांपेक्षा जास्त होते, पुरुषांइतकेच. आणि त्याचा दोष हार्मोनवर टाकावा असा भक्कम पुरावा मिळाला नाही. तुलना कोणाशी करायची, यावर उत्तर बदलते ते असे.

आपल्याकडे ही जुनी गोष्ट जुनी झालेलीच नाही. डॉक्टरांकडे जायची भीती, जाच आणि खर्च यांमुळे अनेक जणी आजही मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्या आणतात, एका वेळी दोन-दोन, चार-चार घेतात. मुरुमांसाठी मिळणारी सायप्रोटेरॉनची गोळीही त्यातलीच. तिच्यातही ३५ मायक्रोग्रॅम इथिनिल एस्ट्राडिऑल असते. या उपचारातून जगाने सोडलेले औषध इथे मैत्रिणीच्या सल्ल्यावर चालू आहे.

दुसरी बाजू निर्वाणाची, म्हणजे हिजडा परंपरेत लिंग आणि अंडकोश काढून टाकण्याची. अंडकोश काढल्यावर टेस्टोस्टेरॉन जवळपास संपते, आणि बाहेरून काहीच घेतले नाही तर शरीर दोन्ही हार्मोनांविना राहते. प्रोस्टेट कर्करोगाच्या ७३,१९६ वयस्क अमेरिकन रुग्णांच्या २००६ च्या अभ्यासात उपचार म्हणून अंडकोश काढलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळला. ते म्हातारे आणि आजारी होते, हिजडा गुरूंच्या तरुण चेल्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण हार्मोन घेण्याइतकीच ते न घेण्याचीही चौकशी व्हायला हवी, एवढे त्यातून नक्की कळते.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात हार्मोन उपचार, समुपदेशन आणि विमा यांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ओपीडीत शुगर तपासायला आलेल्या ट्रान्स व्यक्तीच्या केसपेपरवर मात्र ‘हार्मोन: चालू’ एवढेच लिहिले जाते. कोणते, किती, गोळी की जेल, निर्वाण झाले असल्यास कोणत्या वर्षी, हे चार रकाने त्या कागदावर अजून यायचे आहेत.