जुनी मिल, फ्लोअर मिल आणि ट्रेडमिल : 'मिल' शब्द आला कुठून?

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'जुनी मिल' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर ज्वारीचं दळण टाकायला गेलो तर तिथल्या पाटीवरही 'फ्लोअर मिल'च लिहिलेलं असतं. एकीकडं सूत आणि कापड, दुसरीकडं पीठ, तरी नाव एकच. मला लहानपणापासून हे कोडं होतं. गंमत म्हणजे मराठीतही तेच झालंय, दळणाची ती पण गिरणी आणि कापडाची ती पण गिरणी.

मूळ शब्द दळणाचाच. लॅटिनमध्ये 'मोलेरे' म्हणजे दळणं आणि 'मोला' म्हणजे जात्याचा दगड, त्यावरून 'मोलिना' म्हणजे दळायची जागा. इंग्रजीत तो 'मिलेन' होऊन आला, पुढं शेवटचा 'न' गळाला, पण 'मिल्न' या आडनावात तो अजून टिकून आहे. आपल्या दाढेला डॉक्टर 'मोलर' म्हणतात ते याच दगडावरून. घरी जातं असेल तर बघा, त्याच्या तळीला टाकी लावून खरबरीत करावं लागतं, गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही, आणि दाढेचा वरचा भागही तसाच खडबडीत असतो, त्यामुळं हे नाव मला फार नेमकं वाटतं.

आता दगडावरून सुतावर उडी कशी? मधला दुवा म्हणजे पाणचक्की. इंग्लंडमध्ये 1086 च्या 'डूम्सडे बुक'मध्ये, म्हणजे राजानं करून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, सुमारे 6 हजार मिलची नोंद आहे, बहुतेक सगळ्या नदी-ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या. चाक एकदा फिरायला लागलं की त्याला दगडच जोडायचा असं थोडंच आहे, कुणी लोकरीचं कापड कुटायचे हातोडे जोडले, कुणी लाकूड कापायची करवत, कुणी कागदाचा लगदा करायचं यंत्र. दळण गेलं, चाक राहिलं, आणि नाव चाकाला चिकटलं. 1771 साली रिचर्ड आर्कराइटनं क्रॉमफर्डला पाण्यावर सूत कातायचा कारखाना काढला, तीही मिलच.

सोलापूरला हा शब्द आला तोपर्यंत पाण्याचं चाकही मागं पडलं होतं. 1860 ला रेल्वे इथं पोचली, 1877 ला सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली, वाफेवर. तीच आपली जुनी मिल. मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या मिल आल्या. दगड नाही, नदीचं चाक नाही, तरी सगळं गाव मिलच म्हणायचं, भोंग्यावर घड्याळ लावायचं. 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली, 1950 मध्ये सरकारनं कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आज वकिलीची पोरं मूलभूत हक्क शिकताना सोलापूर मिलचा खटला वाचतात.

बाकी अर्थ पण बघण्यासारखे आहेत. जिममधली ट्रेडमिल ही मुळात तुरुंगातली, 1818 च्या सुमाराला विल्यम क्युबिटनं कैद्यांसाठी पायऱ्यांचं चाक बनवलं, त्यावर चढत राहायचं आणि काही ठिकाणी त्यावर खरोखर धान्य दळलं जायचं. 'रन ऑफ द मिल' म्हणजे मिलमधून निघाला तसा, प्रतवारी न केलेला माल, म्हणून साधासुधा. 'थ्रू द मिल' जाणं म्हणजे आपलं भरडून निघणं, इथं दोन्ही भाषा एकाच जात्यापाशी येतात. पण हजारावा भाग या अर्थाचा 'मिल' वेगळा, तो लॅटिन 'मिले' म्हणजे हजार यावरून आलाय, त्याचा दळणाशी संबंध नाही.

मला सगळ्यात आवडतो तो चार्ल्स बॅबेज या इंग्लिश गणितज्ञाचा अर्थ. 1830 च्या दशकात त्यानं यांत्रिक कॉम्प्युटरचा आराखडा केला तेव्हा आकडे ठेवायच्या भागाला 'स्टोअर' आणि हिशोब करायच्या भागाला 'मिल' म्हटलं. स्टोअरमधून माल काढायचा, मिलमध्ये घालायचा, तयार झाला की परत स्टोअरला. आज ज्याला आपण प्रोसेसर म्हणतो त्याचं हे पहिलं नाव, आणि जुन्या मिलमध्ये कामाला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला ते न समजावता कळलं असतं.