इसब ‘आत दाबला’ जातो का?

“मलम लावू नकोस, रोग आत दाबला जाईल आणि उद्या पोराला दमा धरेल.” लहान मुलाला इसब झाला की साताऱ्यात त्याच्या आईला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी सासूबाई, कधी शेजारच्या काकू, क्वचित डॉक्टरसुद्धा. मग मलमाची ट्यूब कपाटात जाते आणि होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली बाहेर येते. सगळं मायेपोटी चाललेलं असतं, पण त्यात मुलाच्या उपचाराचे महिने जातात.

इसबाची सुरुवात बहुतेकदा त्वचेच्या अगदी वरच्या थरात होते. हा थर ओल धरून ठेवतो आणि बाहेरचं काही आत येऊ देत नाही. त्यासाठी लागणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन अनेक रुग्णांत जन्मतःच कमी बनतं. त्यामागचे जनुकीय दोष इसबाशी जोडलेले आहेत, हे 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. ओल उडून जाते, कातडी कोरडी पडते, खाज सुटते आणि खाजवून ती आणखी फुटते. दिवाळीनंतर माण-खटावकडची कोरडी थंडी आणि आंघोळीचं कढत पाणी त्यात भर घालतं. हा आजार मुळात चढ-उताराचा. कधी चट्ट्यांतून लस येते, कधी महिनाभर काहीच नसतं. पुष्कळ मुलांचा इसब तर वाढत्या वयाबरोबर आपणच कमी होतो.

होमिओपॅथीत इसबासाठी ग्राफाइटिस, सल्फर, रस टॉक्स, पेट्रोलियम ही औषधं देतात. ग्राफाइटिस म्हणजे शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट, सल्फर म्हणजे गंधक. जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी 1796 साली मांडलेलं तत्त्व असं, की निरोगी माणसात जो पदार्थ लक्षणं उमटवतो तोच रुग्णाची तशी लक्षणं बरी करतो. पुढे त्याला जोड मिळाली ती विरळ करण्याची. पदार्थाच्या एका भागात 99 भाग पाणी किंवा अल्कोहोल, ही एक पायरी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तेच. कोयना धरण 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याने काठोकाठ भरलेलं असताना त्यात औषधाचा एक थेंब टाकून सगळं पाणी ढवळलं, तर आपण आठव्या पायरीच्या थोडं पुढे असू. बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याचीही शक्यता संपत जाते. दुकानात सर्रास मिळणारी ‘30 पॉवर’ ही तिसावी पायरी आहे. (मदर टिंक्चरची, म्हणजे मूळ अर्काची गोष्ट वेगळी, त्यात मूळ पदार्थ असतो.)

प्रत्यक्ष चाचण्यांतही वेगळं काही दिसलेलं नाही. इसबावरच्या नियंत्रित चाचण्यांचा 2012 साली ब्रिटनमध्ये आढावा घेतला गेला, त्यात होमिओपॅथीचा उपयोग सिद्ध झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 साली कुठल्याच आजाराबाबत भरवशाचा पुरावा नसल्याचं म्हटलं.

तरीही ‘मला फरक पडला’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो इसब अगदी भडकल्यावर, आणि भडकल्यानंतर उतार बहुधा येतोच. शिवाय होमिओपॅथीचे डॉक्टर निवांत बसवून झोप, खाणं, घरातली काळजी सगळं विचारतात. तो वेळ मोलाचा आहे, आणि गर्दीच्या त्वचारोग ओपीडीत तो मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. पण गोळ्यांनी इसब वाढला तर ‘रोग बाहेर पडतोय’ आणि कमी झाला तर ‘औषध लागू पडलं’, असं दोन्हीकडून धरलं तर औषध चुकतंय हे कळणार कधी?

आता दम्याचं. लहानपणी इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो, हे निरीक्षण खरं आहे. मलम न लावलेल्या मुलांतही तो होतो. फुटलेल्या कातडीतून धुळीतली, अन्नातली प्रथिनं आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू मानायला शिकतं, असं संशोधकांना दिसलं आहे. म्हणजे धोका आहे तो त्वचा उघडी राहण्यात. सिडनीत 2002 साली नऊ महिन्यांची एक मुलगी इसबातून झालेल्या जंतुसंसर्गाने गेली. वडील होमिओपॅथ होते, उपचार गोळ्यांवरच राहिले. 2009 साली न्यायालयाने आईवडिलांना दोषी ठरवलं. चट्ट्यांत पू, पिवळी खपली, वेदनेचे फोड किंवा ताप दिसला, तर मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

रोजचा उपचार साधा आहे: कोमट पाण्याची छोटी आंघोळ, अंग टिपलं की लगेच व्हॅसलीन, मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल, आणि तेही सढळ हाताने. ब्रिटनमधल्या सूचना लहान मुलासाठी आठवड्याला पाव ते अर्धा किलो मॉइश्चरायझर सांगतात. आपण बोटभर लावून थांबतो. भडकल्यावर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतच्या रेघेएवढं, म्हणजे अर्धा ग्रॅम, त्याच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. स्टेरॉइडची भीती निराधार नाही. मेडिकलमधून मनाने आणलेली स्टेरॉइडसह तीन-चार औषधांची मिश्र मलमं कातडी पातळ करतात आणि गजकर्णाला झाकून वाढवतात. गोळ्या चालू ठेवायच्याच असतील, तर निदान हे उपचार बंद करू नका.

शेतात राबणाऱ्या माणसाला पन्नाशीत पहिल्यांदाच पापण्या, मान आणि कोपराच्या आत खाज सुटली, तर आधी बांधावर पाहावं. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेल्या गाजर गवतातल्या पार्थेनिन या रसायनामुळे असाच इसब होतो. अशा माणसाने पॅच टेस्ट (संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून करायची ॲलर्जीची चाचणी) करून घ्यावी, आणि ते गवत फुलायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून उपटावं.