मोठे वनस्पतीयुक्त मत्स्यालय : निगा आणि स्थलांतर

ज्या काचेच्या टाकीत जिवंत पाणवनस्पती मुख्य असतात आणि मासे त्यांच्या जोडीला, तिला वनस्पतीयुक्त मत्स्यालय म्हणतात. हा छंद असलेल्यांत ‘प्लांटेड टँक’ हाच शब्द रुळलेला आहे. साधारण २०० लिटरच्या पुढची टाकी मोठी धरतात. अशी टाकी भरलेल्या स्थितीत हलवता येत नाही. घर बदलताना ती पूर्ण मोकळी करून नव्या जागी पुन्हा उभारावी लागते. हे काम एका दिवसाचे वाटते, पण ते सुखरूप होईल की नाही हे बहुतांशी आधीच्या दीड-दोन महिन्यांच्या निगेवर ठरते. म्हणून निगा आणि स्थलांतर यांचा विचार एकत्रच करायला हवा.

वनस्पती, मासे आणि गोगलगाई एकाच भांड्यात ठेवल्या तर पाणी दीर्घकाळ निरोगी राहते, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी लंडनमध्ये १८५० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. त्यासाठी त्यांनी गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती वापरली होती. आजच्या निसर्गचित्रासारख्या मांडणीवर सर्वाधिक प्रभाव जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांचा आहे. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये त्यांनी ४० मीटर लांबीची, सुमारे १,६०,००० लिटर पाण्याची टाकी उभारली.

टाकीचे वजन

१२० × ६० × ६० सेंमी मापाच्या टाकीचे ढोबळ आकारमान ४३२ लिटर होते. तळची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ३५० लिटरच्या आसपास पाणी राहते, म्हणजे तितकेच किलो. १२ मिमी जाडीची काच ८५ किलोच्या घरात जाते आणि ७ सेंमी जाडीचा वाळूचा थर ८० किलोच्या. दगड, लाकूड व स्टँड धरून एकूण भार साडेपाचशे किलोच्या वर जातो. हा आकडा दोन ठिकाणी उपयोगी पडतो. एक म्हणजे नव्या घरात टाकी भार पेलणाऱ्या भिंतीलगतच ठेवावी, आणि लाकडी जमीन असेल तर टाकीची लांबी खालच्या तुळयांना आडवी यावी, म्हणजे भार अनेक तुळयांवर वाटला जातो. दुसरे म्हणजे, नुसती रिकामी काचच चार माणसांचे काम आहे, हे आधीच कळते.

टाकी जिवंत ठेवणारे जीवाणू

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजकी पाने यांतून अमोनिया सुटतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि नायट्रोस्पायरासारखे जीवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. फिल्टरमधील स्पंज व सिरॅमिक कड्या, वाळूचे कण, लाकूड आणि पाने यांच्या पृष्ठभागाला चिकटून ते वाढतात. ‘जुने पाणी नेले की टाकी लगेच तयार’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. न्यायचे असतात ते जीवाणू, म्हणजे मुख्यतः फिल्टरमधला ऐवज, आणि तोही ओला व हवेशीर.

अमोनिया किती घातक ठरेल हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. बाकीचा अमोनियम आयन म्हणून जवळपास निरुपद्रवी राहतो. पीएच ८ झाला की विषारी भाग ५ टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ दसपट होतो. स्थलांतरात मासे मरतात त्यामागे पुष्कळदा हेच गणित असते.

नियमित निगा

पाण्याची कार्बोनेट कठीणता म्हणजे केएच हळूहळू खर्ची पडते, कारण नायट्रीकरणात, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होताना, आम्ल तयार होते. पाणी न बदलता महिनोन्‌महिने चाललेल्या टाकीत केएच शून्याकडे जाते, पीएच ६ च्या खाली घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनियम साचत राहते. मासे मात्र ठणठणीत दिसतात. अशा टाकीत एकदम ताजे, ७.५–८ पीएचचे पाणी भरले की साचलेल्या अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो आणि काही तासांत मासे पृष्ठभागावर तोंड वासून येतात. दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदलणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. ज्या टाकीत भरपूर प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत दिले जाते तिथे ५० टक्केच धरावे. त्याने खताचा अतिरेकही आपोआप आटोक्यात राहतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने निघून जाते. पाणी उघड्यावर ठेवूनही क्लोरीन उडते, पण क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) उडत नाही. थायोसल्फेट क्लोरामाइन फोडते तेव्हा अमोनिया मोकळा होतो, म्हणून अशा पाण्याला अमोनिया बांधून ठेवणारा कंडिशनर, म्हणजे पाणी माशांजोगे करणारे औषध, लागतो. पाणी थेट टाकीत सोडायचे असेल तर मात्रा बदललेल्या पाण्यापुरती नव्हे, संपूर्ण टाकीच्या आकारमानावर काढतात.

प्रकाश रोज ६ ते ८ तास पुरतो. कार्बन डायऑक्साइड ३० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३० भाग) आसपास ठेवतात. ४ केएचचे द्रावण भरलेल्या ड्रॉप चेकरमध्ये (टाकीत लावायच्या, रंगाने गॅसची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या छोट्या भांड्यात) त्या पातळीला रंग हिरवा दिसतो, कमी असेल तर निळा आणि जास्त झाला तर पिवळा. ड्रॉप चेकर तासा-दीड तासाने मागे असतो, तेव्हा तो पिवळा होण्याची वाट न पाहता माशांच्या श्वासाकडे बघावे. दिवे लागण्याआधी एक-दोन तास गॅस सुरू करतात आणि दिवे मालवण्याच्या थोडा आधी बंद करतात.

फिल्टरचे स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावेत, नळाखाली नव्हे, आणि सगळा ऐवज एकाच वेळी धुऊ नये. छाटणी नियमित असावी. रोटाला, लुडविजिया यांसारख्या खोडाच्या झाडांची खालची पाने सावलीत कुजतात. जावा फर्न व अनुबियास यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर सडतो, तो लाकडाला किंवा दगडाला बांधूनच ठेवावा लागतो.

स्थलांतराआधीचे आठवडे

चार-सहा आठवडे आधी नव्या घरातले पाणी आणून त्याचा पीएच, जीएच (एकूण कठीणता), केएच आणि टीडीएस (विरघळलेले एकूण पदार्थ) मोजावा. फरक मोठा असेल तर जुन्या टाकीत शक्य तेवढे नवे पाणी दर आठवड्याला मिसळत न्यावे. तसे जमत नसेल तर निदान जुन्या टाकीचे केएच वर आणून पीएचची दरी कमी करावी. वाळू सायफनने थोडी-थोडी साफ करत जावी. आज एक चौथाई, पुढच्या आठवड्यात दुसरी. एकदम सगळी ढवळू नये. फिल्टर आठ-दहा दिवस आधी हलका साफ करावा, म्हणजे प्रवासात कुजायला गाळ कमी उरतो. जोरदार छाटणीही याच सुमारास. शेवटचे दोन दिवस माशांना खाद्य देऊ नये. रिकाम्या पोटी मासे पाणी कमी घाण करतात, आणि निरोगी प्रौढ माशांना या उपासाने काही होत नाही.

तळाच्या मातीचा निर्णय आधीच करावा. साधी वाळू किंवा बारीक खडी धुऊन पुन्हा वापरता येते. ॲक्वासॉइल (झाडांसाठी मिळणारी गोळ्यांच्या रूपातली पोषक माती) दोन-तीन वर्षे जुनी असेल तर उचलताना तिचे गोळे फुटून चिखल होतो, तेव्हा ती टाकून द्यावी. मात्र नवी ॲक्वासॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते; ती घालून त्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे दोन संकटे एकत्र ओढवून घेणे. वाळूखाली बागेतली माती दाबलेली असेल तर दोन्ही थर वेगळे काढता येत नाहीत, सगळे बदलणे बरे. खोल थरात काळे पट्टे आणि सडक्या अंड्यासारखा वास आढळला तर तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे असे समजून तो भाग परत वापरू नये.

या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे १००–१५० लिटरचा प्लॅस्टिकचा टब. नव्या जागी टब आधी भरून त्यावर जुना फिल्टर चालू केला की मासे त्यात दोन-तीन दिवस निर्धोक राहतात. वरून जाळी मात्र हवी, मासे उडी मारतात. टाकी त्याच संध्याकाळी उभी राहिलीच पाहिजे ही घाई त्याने संपते, आणि बहुतेक अपघात घाईतच होतात.

हलवण्याचा दिवस

हीटर बंद केल्यावर १५–२० मिनिटे तो पाण्यातच राहू द्यावा; तापलेली नळी पाण्याबाहेर आली तर तडकते. वरचे स्वच्छ पाणी सायफनने झाकणाच्या बादल्यांत भरून घ्यावे. ते मासे, झाडे आणि फिल्टरचा ऐवज नेण्यासाठी असते. मग झाडे काढावीत. व्हॅलिसनेरिया, ॲमेझॉन स्वोर्ड यांची मुळे पसरलेली असतात, त्यामुळे ती ओढण्याऐवजी बोटे मुळाखाली घालून सावकाश उचलावीत. गालिच्यासारखी पसरलेली झाडे पातळ, सपाट उलथन्याने तुकड्या-तुकड्यांनी सोडवावीत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत ठेवलेली झाडे उन्हापासून लांब असतील तर एक-दोन दिवस सहज टिकतात. बादलीभर पाण्यात डुचमळत नेण्यापेक्षा ती कमी मोडतात. लाकडे ओल्या कापडात गुंडाळावीत. लाकूड वाळले तर पुन्हा तरंगते. त्यांच्या पोकळीत प्लेको किंवा लोच यांसारखे तळाचे मासे दडलेले नाहीत ना, हे हात घालून पाहावे.

मासे सगळ्यांत आधी पकडण्याचा मोह टाळावा. लाकूड-दगड निघून पाणी १०–१५ सेंमीपर्यंत उतरले की ते सहज हाती लागतात. मात्र वाळू ढवळण्याच्या आत त्यांना बाहेर काढलेच पाहिजे. तासाभराच्या प्रवासाला २० लिटरच्या बादलीत १०–१२ लिटर पाणी, सैल झाकण आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरेसा आहे. लांबच्या प्रवासाला पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा किंवा ऑक्सिजन ठेवावा आणि पिशवी थर्माकोलच्या पेटीत घालावी. कोरिडोरास व प्लेको यांच्या काट्यांनी पिशवी फुटते, त्यांना कडक डबा हवा. अनेक तास बंद राहिलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो आणि साचलेला अमोनिया त्यामुळे निष्प्रभ असतो. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि अमोनिया घातक होतो. म्हणून बंद पिशवी १५–२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यावर मासे लवकर जाळीने टाकीत घ्यावेत. पिशवीतले पाणी ओतू नये. थेंब-थेंब पाणी मिसळत तास-दोन तास काढण्याची पद्धत इथे उलटते. ती उघड्या, हवा चालू असलेल्या बादलीसाठी आहे.

फिल्टर सर्वांत शेवटी बंद करावा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) पाण्याने भरून बंद स्थितीत नेणे ही नेहमीची चूक आहे. प्रवाह थांबला की जीवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मग मरू लागतात, आणि नव्या घरी पंप सुरू होताच ते दुर्गंधी पाणी टाकीत जाते. पाणी ओतून टाकून ऐवज उघड्या डब्यात नुसता ओला ठेवावा. बंद राहिलेला फिल्टर जोडायचा झालाच, तर आतले पहिले पाणी बादलीत टाकून द्यावे.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर उतरवावा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करावा आणि सिलिंडर उभा बांधून न्यावा; बंद गाडीत गॅस गळला तर माणूस गुदमरू शकतो, तेव्हा काचा थोड्या उघड्या असाव्यात.

मग वाळू. थोडी वाळू आणि बोटभर पाणी राहू देऊन टाकी उचलणारे पुष्कळ असतात. मोठ्या टाकीबाबत ते धोक्याचेच आहे. गाडी वळताना ओला ढीग एका बाजूला सरकतो, तळकाच वाकते आणि सिलिकॉनचा सांधा सुटू लागतो. गळती लगेच दिसेलच असे नाही. टाकी पूर्ण मोकळी करावी, तळाखालून धरावी, वरच्या आडव्या पट्ट्यांना धरून कधीच उचलू नये. चारही कोपरे एकाच पातळीत राहिले पाहिजेत, कारण टाकी पिळली जाणे हेच सांध्याचे मरण असते. गाडीत ती प्लायवूड व फोमवर तळाच्या बाजूने बसवावी.

नव्या जागी उभारणी

स्टँड पाणसळीने दोन्ही दिशांना सरळ करावे. तफावत असेल तर पाचरी स्टँडच्या पायाखाली घालाव्यात, टाकीखाली नाही. फ्रेम नसलेल्या टाकीखाली फोमची चटई लागते. खाली प्लॅस्टिकची फ्रेम असलेल्या टाकीखाली मात्र ती घालायची नसते, कारण तिथे तळकाच अधांतरी राहायची असते आणि फोम तिला मधोमध खालून दाबतो. टाकी ठेवण्याआधी बूड पुसून घ्यावे. काचेखाली अडकलेला वाळूचा एखादा कणही तडा पाडू शकतो. मासे टबात असतील तर टाकी साध्या पाण्याने भरून २४ तास सांधे तपासावेत.

त्यानंतर वाळू, दगड-लाकूड, झाडे या क्रमाने मांडणी होते. लागवड करताना झाडांवर पाण्याचा फवारा चालू ठेवावा, बारीक पाने काही मिनिटांत सुकतात. पाणी थाळीवर किंवा पसरलेल्या पिशवीवर सावकाश ओतले तर मांडणी विस्कटत नाही. विजेच्या प्रत्येक वायरला सॉकेटपेक्षा खाली उतरणारी झोळ ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत जात नाही. पाणी निवळले, तापमान जुळले आणि अमोनिया शून्य दाखवला की फिल्टर आणि मासे टबातून टाकीत आणावेत.

पहिले दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावे. कोणतेही ०.२५ पीपीएमच्या वर दिसले तर ५० टक्के पाणी बदलावे, लागल्यास रोज. खाद्य दिवसाआड आणि अगदी थोडे. दिवे सहा तासांवर, शक्य असल्यास कमी तीव्रतेवर आणावेत. मुळे दुखावलेल्या झाडांना जास्त प्रकाश पचत नाही, तो शेवाळाला मिळतो. गॅस मात्र पूर्ववत द्यावा. पाणी दुधाळ झाले तर तो मोकळ्या जीवाणूंचा बहर असतो. काही दिवसांत आपोआप निवळतो, त्यासाठी फिल्टर धुऊ नये.

क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीची पाने आठवडाभरात पारदर्शक होऊन विरघळताना दिसतील. पाण्यातला आणि प्रकाशातला बदल त्या झाडाला असाच सोसतो. विरघळलेली पाने काढून टाकावीत, पण गड्डा उपटू नये. मुळे शाबूत असतील तर तीन-चार आठवड्यांत नवी पाने फुटतात, आणि ती नव्या पाण्याला सरावलेलीच येतात. नवे मासे आणण्याचा विचार त्याआधी करू नये.