खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं?

जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात घाम आला की गजकर्णही येतं, आणि सल्ला ठरलेला: मेडिकलवरून ट्यूब आण, दोन दिवसांत खाज थांबते.

थांबते, खरंच. कारण अशा मिश्र मलमात बरेचदा क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड असतं. गजकर्ण म्हणजे त्वचेवरची बुरशी; लाली-खाज म्हणजे बरीचशी तिच्याशी आपल्याच प्रतिकारशक्तीची झटापट. काही पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१७ नावाचा निरोप धाडून बुरशीविरुद्ध कुमक बोलावतात. स्टेरॉइड ही झटापटच दाबतं. राखणदार झोपवला की केळीच्या बागेत डुकरं शिरणारच! बुरशी पसरते, चट्ट्याची कडा पुसट होते, डॉक्टरही चकतात. याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात.

‘रक्त खराब झालं’ म्हणून गजकर्ण होतं, हेही खोटंच. बुरशीनाशक औषध मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे, खाज गेल्यावरही लावायचं.