हातयंत्रे, स्वयंपाकघरातील जुनी : उपयोगाची ओळख

मूठ फिरवून अन्नपदार्थ कापणारी, दळणारी, किसणारी किंवा पिळणारी, बहुधा बिडाची छोटी यंत्रे. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विजेवरची यंत्रे रुळेपर्यंत ती सर्रास वापरात होती. वर पसरट तोंड, मध्ये आडवे नळकांडे, एका टोकाला मूठ आणि खाली मेजाच्या कडेला आवळायचा स्क्रू, ही ठेवण त्यांपैकी अनेकांची सारखीच असते. सुटे भाग हरवले की यंत्र खिम्याचे, खसखशीचे की फळांच्या रसाचे हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. तरीही जुन्या वस्तूंच्या बाजारात सगळ्यांना सरसकट खिमायंत्रच म्हटले जाते.

उगम : खिमायंत्राच्या शोधाचे श्रेय जर्मन संशोधक कार्ल द्राइस (१७८५–१८५१) याला देण्याचा प्रघात आहे. सायकलची पूर्वज मानली जाणारी धावगाडी त्याने १८१७ मध्ये चालवून दाखवली आणि टंकलेखनाच्या यंत्रावरही काम केले. खिमायंत्र त्याच्या नावावर अनेक ग्रंथांत नोंदलेले असले, तरी आज हाती येणाऱ्या यंत्रांशी त्याचा थेट संबंध जोडताना सावध राहणे बरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची अमेरिकन यंत्रे लाकडी पेटीची असत. आत नागमोडी ओळीत खुंट्या ठोकलेला रूळ फिरे आणि पेटीच्या भिंतीतल्या स्थिर पात्यांवर मांस फाटत जाई. मळसूत्राने मांस पुढे ढकलून फिरते पाते व जाळी यांच्यामध्ये कापायचे, ही आजची रचना त्याहून वेगळी आहे. तिचा प्रसार शतकाच्या अखेरच्या दशकांत फिलाडेल्फियाची एंटरप्राइझ, लंडनची स्पाँग, रेमशाइडची अलेक्झांडरवेर्क अशा ओतकाम करणाऱ्या कारखान्यांनी केला. एकाच संशोधकाचे नाव घेण्यापेक्षा ही कारखानदारांची कामगिरी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कॉफीच्या हातजात्यांची परंपरा याहून जुनी व स्वतंत्र आहे. प्यूजो या फ्रेंच घराण्याचे कॉफीचे जाते १८४० चे, तर मिरीचे १८७४ चे. या घराण्याच्या मोटारी त्यानंतरच्या.

ओळखीच्या खुणा : निर्णायक भाग मळसूत्राच्या पुढच्या टोकाशी असतो. तेथे चौकोनी खुंटी आणि नळकांड्याच्या तोंडावर बाहेरून आटे असतील, तर यंत्र खिम्याचे. खुंटीवर चार पाकळ्यांचे पाते बसते, त्यावर भोकांची जाळी आणि शेवटी आट्यांची कडी. पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीकडे हवी. उलटे बसवले तर मांस कापले न जाता चेंगरून लगदा होतो. मात्र जाळी नसणे म्हणजे भाग हरवणे असे नेहमीच नाही. न्यू ब्रिटन (कनेक्टिकट) येथील लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क यांच्या ‘युनिव्हर्सल’ यंत्रात नळकांड्याच्या तोंडाबाहेर फिरणारी दातेरी चकती असते, जाळी मुळातच नसते. भाज्या, सुकामेवा, शिळा पाव असे सगळेच त्यातून काढत.

टोकाशी खाचांचा शंकू किंवा समोरासमोर दोन दातेरी चकत्या आणि त्यांतले अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू असला, तर काम दळण्याचे. खाचा रुंद व खोल असतील तर धान्य किंवा मका, मध्यम असतील तर कॉफी. अगदी बारीक खाचा आणि पेल्याएवढे तोंड असले तर खसखस. चेक, ऑस्ट्रियन व हंगेरियन घरांतून केकच्या सारणासाठी ही यंत्रे असत. खसखस कापून भागत नाही, तेल सुटेपर्यंत रगडावी लागते. पाते नाही, पण निमुळत्या नळकांड्याच्या पोटाखाली चाळण व पन्हळ आहे आणि चोथ्यासाठी टोकाशी वेगळे तोंड आहे, असे यंत्र रस काढण्याचे. एंटरप्राइझच्या अशा फळयंत्राला खिमायंत्र समजण्याची चूक फार होते. त्याच कारखान्याची हाडे व शिंपले भरडण्याची यंत्रेही होती. ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी, स्वयंपाकासाठी नव्हेत.

कल्हई हीसुद्धा एक खूण आहे. ओल्या पदार्थाच्या यंत्राला आतून-बाहेरून कथिलाचा मुलामा लागे, कोरड्या दळणाच्या यंत्राला रंग पुरे. मुलामा झिजून गेलेल्या यंत्रात अर्थातच ही खूण उरत नाही.

आकडे व कालनिर्णय : नळकांड्यावरचे ५, ८, १०, १२, २२, ३२ हे आकडे साल किंवा वजन सांगत नाहीत, आकारमान सांगतात. १२ क्रमांकाची जाळी सुमारे ७० मिमी., २२ ची ८२ मिमी. आणि ३२ ची १०० मिमी. व्यासाची असते. ‘युनिव्हर्सल’ची ०, १, २, ३ ही मालिका निराळी. पेटंटची तारीख ही वरची नव्हे, खालची मर्यादा : यंत्र तिच्या आधीचे नसते, नंतरचे असू शकते. १८९७ व १८९९ या तारखा कोरलेली ‘युनिव्हर्सल’ यंत्रे विसाव्या शतकातही ओतली जात होती. ब्रिटिश वस्तूंवरील, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ या काळातली, त्यानंतर नुसता नोंदणी क्रमांक. ‘डी.आर.जी.एम.’ (उपयुक्त नमुन्याच्या सरकारी नोंदणीची खूण) ही जर्मन अक्षरे १८९१ पूर्वीची असू शकत नाहीत.

महाराष्ट्रातील यंत्रे : मुंबईच्या चोर बाजारात व पुण्याच्या जुन्या बाजारात परदेशी बनावटीची अशी यंत्रे अधूनमधून दिसतात. पुरणयंत्र या कुळातले नव्हे. त्यात मळसूत्र नसते. भांड्याच्या तळाशी जाळी आणि तिच्यावर घासत फिरणारे तिरपे पाते असते. शिजलेली हरभऱ्याची डाळ गरम असतानाच दाबून खाली उतरते, गार झाली की मूठ फिरता फिरत नाही. झाँ मांतले याने १९३२ मध्ये फ्रान्समध्ये आणलेल्या भाजी कुस्करण्याच्या यंत्राचे तत्त्व हेच आहे, पण साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. पितळी पुरणयंत्रांवर बहुधा सालही नसते. त्यांचा उपयोग जाळीच्या भोकांवरून ताडतात : बारीक भोके पुरणासाठी, मोठी उकडलेल्या बटाट्यासाठी.